बावीस फूट: खाऱ्या पाण्याची टाकी हॉलमधून मागच्या खोलीत

५ जानेवारी २०२५, रविवार

आज टाकीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. उजव्या कोपऱ्यात ३१ मिलिमीटर, डाव्यात २५. दिवाळीत हा फरक चार होता. म्हणजे स्टँड अजून खचतोय.

कारण माहीत आहे. गेल्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली, तेव्हा बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या हॉलमध्ये अकरा इंच पाणी दोन दिवस उभं होतं. वरच्या टाकीला काही झालं नाही, ती अडीच फुटांवर. पण स्टँडचा तळ साध्या प्लायचा. तो भिजला, फुगला, वाळला आणि आता डाव्या बाजूने भुसा होऊन बसतोय. चार फूट लांब काचेच्या टाकीला पाण्याचं वजन चालतं, पीळ चालत नाही. तळ एका कोपऱ्यात खाली गेला की सगळा ताण सिलिकॉनच्या जोडावर येतो.

त्या दोन रात्री वीज नव्हती. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. शिवाय तेव्हा पाणी २९ अंशांवर होतं, म्हणजे त्याहून कमी. बॅटरीवरचा छोटा हवापंप एकच होता. मी आणि अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पाळीपाळीने मगाने पाणी वर उचलून परत टाकीत ओतलं, दर दहा मिनिटांनी, दोन्ही रात्री. अप्पांना तेव्हा त्र्याऐंशीवं चालू होतं. एकही मासा गेला नाही. त्या टाकीला पुन्हा तिथेच, त्याच उंबऱ्याच्या आत ठेवायचं नाही हे तेव्हाच ठरलं होतं. आज आकड्यांनी घाई केली.

नोंदीसाठी: टाकी १२० × ४५ × ५० सेंटिमीटर, काच १२ मिलिमीटर, २०१७ च्या जानेवारीपासून चालू. काठोकाठ २७० लिटर. दगड, वाळू आणि काठाची रिकामी जागा वगळली तर पाणी साधारण २१० लिटर, खालच्या संपमध्ये, म्हणजे स्टँडमधल्या गाळणीच्या छोट्या टाकीत, आणखी ५५. आत क्लाउन माशांची जोडी (पहिल्या वर्षापासूनची), एक रॉयल ग्रामा मासा, दगडांवरचं शेवाळ खरवडणारा एक ब्लेनी मासा, दोन क्लीनर झिंगे, काही शंखखेकडे. प्रवाळ सगळे मऊ जातीचे: एक मोठा लेदर, झोआंथिड, हिरवे स्टार पॉलिप. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते ठेवायचा विचारही कधी केला नाही. दगडसुद्धा समुद्रातले नाहीत. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ यांचे मी घरी ओतलेले, मग पीएच खाली येईपर्यंत तीन महिने पाणी बदलत भिजवलेले.

८ जानेवारी

जागा: मागची खोली, अप्पांची. हॉलपेक्षा दोन पायऱ्या वर. पुराचं पाणी दुसऱ्या पायरीच्या मध्यावर थांबलं होतं, खोलीत आलं नव्हतं. खाली भरीव जोतं आहे, पोकळी नाही. वजनाचा हिशेब केला: पाणी, काच, दगड, वाळू, संप, स्टँड मिळून साडेचारशे किलोच्या पुढे. गच्चीखालच्या खोलीत हे ठेवताना दहा वेळा विचार केला असता, इथे जमिनीवर काळजी नाही.

अप्पा आता संध्याकाळी हॉलमध्ये फारसे येत नाहीत, पायऱ्या उतरताना गुडघा धरतो. टाकीच त्यांच्याकडे जाणार हे ऐकून ते एवढंच म्हणाले, "माझं कपाट कुठे जाईल ते आधी सांग." कपाट हॉलमध्ये येईल.

खोलीतल्या तीन गोष्टी बदलाव्या लागणार. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी दीड तास ऊन थेट त्या भिंतीवर येतं, तिथे जाड पडदा. एकच साधा प्लग आहे, तिथे १५ अँपियरची स्वतंत्र लाइन आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: डास मारायचं मशीन बंद. त्या द्रवातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माशांना विषारी, झिंग्यांना तर अतिशय विषारी, आणि हवापंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. अप्पांना मच्छरदाणी लावून देणार. ते लहानपणी मच्छरदाणीतच झोपायचे, म्हणाले, चालेल.

वाट मोजली. जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत बावीस फूट, मध्ये दोन पायऱ्या, एक लाकडी उंबरठा आणि तीस इंची दार.

११ जानेवारी

दिराने फोनवर सुचवलं, "वहिनी, नवं पाणी बनवत कशाला बसता? कावी-कंबोईला गाडी घेऊन जाऊ, समुद्राचंच आणू." तिथल्या स्तंभेश्वराच्या देवळात आम्ही सगळे गेलोय. भरतीला अख्खं शिवलिंग पाण्याखाली जातं. पण ते पाणी पाहिलेल्याला कळेल की ते चहाच्या रंगाचं असतं. महीचं मुख तिथेच, खंबातच्या आखाताची भरती-ओहोटी प्रचंड, त्यामुळे गाळ कधी बसतच नाही. म्हणूनच त्या आखातात प्रवाळ नाहीत आणि कच्छच्या आखातात, जामनगरच्या बाजूला, आहेत. ओहोटीला तिथल्या नराऱ्याच्या सपाटीवर घोट्याएवढ्या पाण्यातून चालताना मी ते पहिल्यांदा पाहिले होते, आणि या टाकीची इच्छा तिथेच झाली.

अप्पांना महीच्या मुखावरून सयाजीबागेच्या म्युझियममधला देवमासा आठवला. १९४४ मध्ये तो तिथेच वाहून आला होता. त्याच्या सांगाड्याखाली उभं राहून त्यांनी लहानपणी फासळ्या मोजल्या होत्या. किती होत्या ते आठवत नाही म्हणाले.

पाणी घरीच बनणार.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळे गच्चीवर. काम शून्य.

१८ जानेवारी, शनिवार

नवा स्टँड आला. ४० × ४० चा लोखंडी चौकोनी पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा, वर इपॉक्सी रंगाचे दोन हात, वरती १८ मिलिमीटर मरीन प्लाय. संपचा कप्पा जमिनीपासून नऊ इंच वर घ्यायला सांगितलं होतं, तसा घेतला आहे. पूर आला तेव्हा जुना संप जमिनीवर होता आणि बाहेरचं पाणी त्याच्या काचेला लागून उभं होतं. ते दृश्य पुन्हा नको.

पण स्टँड डुगडुगतोय. चार पाय एका पातळीत नाहीत, एक पाच मिलिमीटर वर. ज्यांनी बनवला त्यांचं म्हणणं, वजन आलं की बसेल. वजन आल्यावर स्टँड बसला तर टाकी पिळणार, हे मी समजावलं. परत पाठवला.

२२ जानेवारी

परत आला. पायांना खाली बोल्ट आणि प्रत्येक बोल्टखाली चार इंची लोखंडी पट्टी, नाहीतर सगळं वजन चार बिंदूंवर येऊन फरशी फुटेल. सुतारकाकांनी गवंड्याची लेव्हलची नळी आणली. पारदर्शक नळीत पाणी, दोन टोकं दोन कोपऱ्यांना, पाणी खोटं बोलत नाही. पाऊण तास बोल्ट फिरवले. शेवटी म्हणाले, "बेन, हवे बराबर छे," म्हणजे आता बरोबर आहे. चारही कोपऱ्यांत फरक एक मिलिमीटरच्या आत.

जिथे वेल्डिंगवर रंग पातळ वाटला तिथे मी स्वतः तिसरा हात दिला. खारं पाणी लोखंडाला जराही सोडत नाही. खिडक्या उघड्या, वास पूर्ण जाईपर्यंत पंधरा दिवस हातात आहेत.

२६ जानेवारी

संप आणि पाइपिंग नव्या जागी साध्या पाण्यावर तपासलं. वर तात्पुरती बादली. पंप बंद केल्यावर पाइपमधलं पाणी उलटं खाली येतं, ते संपमध्ये मावलं पाहिजे. प्रत्यक्ष टाकीत ते साधारण चौदा लिटर असेल, संपमध्ये त्याच्या दुप्पट जागा ठेवली. पाइपचा एक जोड (युनियन) ठिबकत होता, रबरी वॉशर बदलला. झालं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आरओ सुरू. नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) आज ३४०, आरओनंतर ११, शेवटच्या रेझिनच्या नळकांड्यातून ०. थंडीत मेंब्रेन सावकाश चालतो, तासाला सहा लिटर पडतंय. १२० लिटर हवंय, म्हणजे थांबून-थांबून तीन दिवस. बाहेर पडणारं जास्तीचं पाणी फरशीला आणि संडासाला, तुळशीला नाही.

पिंपांचा प्रश्न. बडोद्यात निळे ड्रम कुठेही स्वस्त मिळतात, पण त्यांतले बरेच नंदेसरीच्या बाजूच्या कारखान्यांतून रिकामे होऊन आलेले असतात, आत आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. असा ड्रम धुऊन वापरणं म्हणजे आठ वर्षांची टाकी पणाला लावणं. नवे, खाण्याच्या दर्जाचे पन्नास लिटरचे पाच टब घेतले. दोन आईसबॉक्स शेजाऱ्यांकडून.

४ फेब्रुवारी

मीठ घातलं. लिटरला साधारण ३७ ग्रॅम धरून १२० लिटरला साडेचार किलोला थोडं कमी. टबात छोटा पंप फिरता ठेवला. रात्री रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्राने, हजारी ३४. पुन्हा तपासण्याआधी यंत्र ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावून घेतलं, आरओच्या पाण्यावर शून्य लावलं तर ३५ च्या आसपास ते फसवू शकतं. खरंच ३४ होतं. आणखी १२० ग्रॅम मीठ. सकाळी ३५.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण घरात प्रत्येकाने विचारलं की नवं पाणी का, जुनंच का नाही, किंवा सगळंच नवं का नाही. टाकी जिवंत ठेवणारे जीवाणू पाण्यात फार थोडे असतात. ते दगडांच्या प्रत्येक छिद्रात, काचेवर, वाळूच्या दाण्यांवर पातळ थर करून राहतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एक गट त्याचा नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचा नायट्रेट. हे जीवाणू सावकाश वाढतात, दहीविरजणासारखे रातोरात नाहीत. म्हणून रविवारी खरं हलवायचं ते दगडांवरचं हे घर. ते ओलं राहिलं, त्याला हवा आणि ऊब मिळत राहिली, तर टाकी नव्या खोलीत पहिल्या दिवसापासून चालेल. काच आणि पाणी दोन्ही विकत मिळतं. जुनं दीडशे लिटर ठेवते आहे ते फक्त माशांना आणि प्रवाळांना फरक कमी जाणवावा म्हणून.

८ फेब्रुवारी, शनिवार

माशांना आज खाणं नाही. पोट रिकामं असलं की उद्या बादलीत अमोनिया कमी होईल. क्लाउनची मादी काचेपाशी येऊन अप्पांकडे पाहत होती. अप्पांनी डबा उचलला आणि परत ठेवला.

तयार: हातमोजे दोन जोड. झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं, हाताला चीर असली तर ते जिवावर बेतू शकतं, आणि डोळ्यात उडू नये म्हणून चष्मा. शिवाय दगडांत केसाळ किडे आहेत, त्यांचे काटे बोटात मोडतात. हीटर तीन, हवापंप तीन, बॅटरीवरचे दोन. जुनी टॉवेलं चौदा. लेकीने प्रत्येक टबावर पट्टी चिकटवून लिहिलं: दगड १, दगड २, प्रवाळ, मासे, स्वच्छ जुनं पाणी.

९ फेब्रुवारी, रविवार

६.४० हीटर बंद. पाणी उतरवण्याआधी वीस मिनिटं तरी बंद हवेत, तापलेली काचेची नळी हवेत आली की तडकते.

७.०५ पंप बंद. आठ वर्षांत ही खोली इतकी शांत कधी ऐकली नव्हती, पुराच्या रात्री सोडून.

७.१५ वरचं स्वच्छ पाणी आधी काढलं, काहीही ढवळायच्या आत. दीडशे लिटर. नंतरचं पाणी गढूळ होणार, ते फेकायचं.

८.१० प्रवाळ. लेदर मिटून बसला, हात लागला की तो मिटतोच. त्याच्या पायाखालचा दगड सैल होता, अख्खाच उचलला.

८.३० दगड. नवऱ्याने उचलायचे, मी टबात लावायचे, दोन्ही टबांत दगड पूर्ण पाण्याखाली, मध्ये हवेचा दगड बुडबुडे सोडणारा, एक हीटर. सगळ्यात मोठ्या दगडाच्या खालच्या बाजूला पिवळा स्पंज आहे. स्पंज हवेत आला तर त्याच्या छिद्रांत हवा अडकते आणि तो भाग सडतो. म्हणून बादली टाकीत बुडवून दगड पाण्यातल्या पाण्यात बादलीत घेतला. दोघांनी उचलावी लागली.

९.२० पाणी आता वीतभर. क्लाउनची जोडी पाण्याच्या जगमध्ये अलगद आली, मादी आधी, नर तिच्यामागे. जाळी वापरली नाही, कल्ले अडकतात. रॉयल ग्रामा कोपऱ्यात. झिंगे दोन्ही. शंखखेकडे अकरा.

ब्लेनी नाही.

९.४५ वाळूवर नाही, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी संपकडे सोडणाऱ्या जाळीच्या, दातांत नाही. टाकीमागे फरशीवरही पाहिलं, कारण ब्लेनी उडी मारतात. नाही. लेकीचा चेहरा उतरला. दगडातच असेल असं मी म्हणाले आणि मनात त्या एकेका दगडाचं वजन आठवत राहिले, टबात एकावर एक रचलेले.

१०.१५ वाळू. वरचा बोटभर थर वेगळा काढून खाऱ्या पाण्यात चाळला, दोन किलो, हा बियाण्यासारखा नव्या वाळूत जाणार. खाली फावडं घातलं आणि खोलीभर कुजक्या अंड्याचा वास. वाळू सहा सेंटिमीटर खोल होती, मागच्या कोपऱ्यात काळी पडली होती. तिथे प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे गंधकाचा वायू साठतो. मासे आत असताना हे ढवळलं असतं तर आजचा दिवस इथेच संपला असता. सगळी काळी वाळू बाहेर. नळाखाली पाच-सहा पाण्यांनी धुऊन मग ती फाटकाशेजारच्या वाटेवर टाकायची, मीठ असताना नाही, शेजारी पारिजातक आहे.

११.२५ टाकी रिकामी, पुसलेली. नुसत्या काचेचं वजन पासष्ट किलो. वाळू ठेवून उचला म्हणजे वेळ वाचेल असं एका शेजाऱ्यांचं मत होतं. ओल्या वाळूचं वजन अधांतरी तळावर आलं की तळाची काच वाकते, म्हणून नाही.

११.४० चौघं: नवरा, दीर, दोन शेजारी. काचवाल्याकडून आणलेले सक्शन कप फक्त तोल धरायला, खरं वजन तळाखालच्या दोन पट्ट्यांवर. पहिली पायरी, दुसरी पायरी. दारात नवरा म्हणाला, "उंबरठा," आणि चौघांनी एकदम पाय उचलला. अप्पा पलंगावर बसून होते, त्यांनी बोटाने दाखवलं की दिराचा कोपरा भिंतीला लागतोय. लागतच होता, दोन बोटांचं अंतर.

११.५१ टाकी नव्या स्टँडवर. खाली दहा मिलिमीटर फोम. बावीस फुटांना अकरा मिनिटं.

१२.१० रिकामी असताना चारही कोपरे बरोबर. थोडं पाणी घालून पुन्हा पाहिलं, एक मिलिमीटर. चालेल.

१२.३० दगड आधी, वाळू नंतर. दगड काचेवर बसले तर उद्या कुणी त्यांच्याखाली खणलं तरी कोसळत नाहीत. मोठा दगड बादलीतूनच, पाण्यातल्या पाण्यात.

१.२० तिसरा दगड टब दोनमधून उचलताना लेक ओरडली. बोटाएवढ्या भोकातून दोन डोळे. ब्लेनी. पाच तास त्याच भोकात शेपटी आत ठेवून बसला होता. दगड हवेत नेला नाही, लहान बादलीत बुडवून नेला आणि टाकीत तिरपा धरला. तो स्वतः बाहेर आला, दोन दगड ओलांडून त्याच्या जुन्या जागेसारखी जागा शोधली आणि तिथे बसला. मी टबाच्या काठावर बसले. तोपर्यंत सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं. अप्पांनी पोहे मागवले होते, ते गार झाले होते, सगळ्यांनी तसेच खाल्ले.

२.३० नवी वाळू, पंधरा किलो, तीन सेंटिमीटरच. वर जुने दोन किलो. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओतलं तरी सगळं दुधासारखं झालं.

३.४५ जुनं दीडशे लिटर २४ अंशांवर, नवं २२ वर. नव्याला हीटर लावून थांबलो. इथे घाई केली नाही.

५.०० मुख्य पंप चालू केला. गुणगुणतोय, फिरत नाही.

आठ वर्षं अखंड चाललेला पंप थांबला की गार होतो, आतल्या दांड्यावर साचलेला चुना आकसून धरतो आणि पाती हलत नाही. वाचलेलं होतं. दुसरा पंप घेऊन ठेवायला हवा होता, तो घेतला नव्हता, आणि रविवारी संध्याकाळी तो कुठून आणणार. दीर कूलरचा पंप घेऊन आला. त्याचा धातूचा दांडा पाहिला आणि परत दिला: तांबं किंचितही सुटलं तर झिंगे आणि शंखखेकडे मरतात. पंप उघडला, पाती आणि दांडा व्हिनेगरमध्ये. पांढरे बुडबुडे वर येत होते, चुना विरघळत होता. चाळीस मिनिटं. जुन्या टूथब्रशने घासलं. मधल्या वेळात टाकीत लाटांचा पंप आणि दोन हवापंप चालू होते, दगडांना हवा मिळत होती, म्हणून मी घाबरले नाही. हेच पूर्वी झालं असतं तर घाबरले असते.

६.०५ पंप फिरला. पहिल्याच झटक्यात पाणी वरून खाली, खालून वर.

७.१० तापमान २५, सॅलिनिटी (खारटपणा) ३५, अमोनिया ०. मासे आत. दिवे आज लावले नाहीत. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर मळ काढणारं यंत्र, वेड्यासारखा फेस काढतोय, त्याचं भांडं काढून नळी बादलीत सोडली.

१०.३० ईएलसीबी तपासला, वायरी भिंतीकडे जाताना खाली झोल ठेवलाय का ते पाहिलं, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जाणार नाही. अप्पा मच्छरदाणीतून टाकीकडे तोंड करून झोपलेत.

१० फेब्रुवारी

अमोनिया ०.२५. एकूण अमोनियातला विषारी भाग पीएचबरोबर वाढतो: गोड्या पाण्यात पीएच ७ ला जेमतेम अर्धा टक्का, इथे ८.२ ला सहा-सात टक्के. म्हणून या आकड्याकडे दुर्लक्ष नाही. ऑफिसमधून दुपारी येऊन ३० लिटर पाणी बदललं. खाणं नाही.

११ फेब्रुवारी

अमोनिया ०.२५. वाढलेला नाही. एक शंखखेकडा मेलेला मिळाला, लगेच काढला. संध्याकाळी चिमूटभर खाणं. क्लाउननी खाल्लं, ग्रामाने नाही.

१२ फेब्रुवारी

अमोनिया ०. नायट्राइट ०. पाणी स्वच्छ झालं, मागची भिंत दिसायला लागली. जीवाणू दगडांबरोबर आले.

१६ फेब्रुवारी

सगळं ठीक, फक्त लेदर अजून मिटलेला. त्याच्यावर मेणासारखं पातळ कातडं आलंय. हा प्रवाळ अस्वस्थ झाला की असं कातडं आणतो, मग टाकून देतो. लाटांच्या पंपाचं तोंड त्याच्याकडे थोडं वळवलं, म्हणजे ते सुटेल. हिरवे पॉलिप अर्धे उघडलेत.

ग्रामा कालपासून खातोय.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. लेक मैत्रिणींबरोबर सुरसागरला मिरवणूक पाहायला. काचेवर आणि वाळूवर तपकिरी पूड, डायटॉम नावाचं सूक्ष्म शेवाळ. नव्या वाळूतून सिलिकेट आलं की होतं, काही आठवड्यांत जातं. पुसत बसायचं नाही असं ठरवलं, ब्लेनीला ते खाता येतं आणि तो दिवसभर तेच करतोय.

सकाळी साडेआठला पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी टाकीच्या डाव्या काठावर पडते हे अप्पांनी पाहिलं. पडद्याला खाली वेल्क्रो लावला.

१ मार्च

वीस दिवसांनी लेदर उघडला. आधी कड, मग संध्याकाळपर्यंत पूर्ण, बोटबोट लांब पॉलिप. कातडं तुकड्यातुकड्याने स्किमरमध्ये गेलं होतं.

३० मार्च

पाडवा. नायट्रेट १५, केएच (क्षारता) ८, कॅल्शियम ४२०. दुपारी पाणी २७.९ वर जायला लागलं, चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, काढून धुऊन जोडला, २६ वर लावला. याचा गरम वारा अप्पांच्या पलंगाकडे येत होता, तोंड खिडकीकडे फिरवलं. एक नवा पंप आणून कपाटात ठेवला.

हॉलमधल्या जुन्या जागी फरशीवर स्टँडच्या तळाचा काळा चौकोन उरलाय, भिंतीवर पुराची रेघ. रंगारी पुढच्या आठवड्यात येणार. रेघ पुसायच्या आधी अप्पांनी मला पट्टी घेऊन खाली पाठवलं आणि अकरा इंच हा आकडा मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीखाली, त्याच उंचीला, पेन्सिलने लिहून घेतला. खाली तारीखही: २८ ऑगस्ट २०२४. ती खूण खोलीच्या जमिनीखाली, दुसऱ्या पायरीच्या पोटाशी येते. तिच्यावर तीन इंचांनी आतली फरशी, आणि फरशीपासून नऊ इंचांवर संप.